तिकटीवरचा दूधकट्टा

मी एक जुना दूधकट्टा आहे, मित्रांनो. कोल्हापुरात नदीकडून चढ चढून वर आलं, की तीन रस्ते एकत्र येतात. त्या तिकटीच्या कडेला मी बसलेला आहे. माझं वय विचाराल तर नीट सांगता येणार नाही. दगडानं वय कुठून मोजायचं, खाणीतून निघाल्यापासून की त्याच्याही आधीपासून? मला कट्टा केलं ते संस्थानाच्या काळात, एवढं मात्र ठाऊक आहे. तेव्हापासून मी जागचा हललो नाही. बसून बसूनही थकायला होतं, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. पण शाळेतून जाताना तुम्ही माझ्यापुढे थांबता, पाटी वाचता आणि एकमेकांना विचारता, "दूधकट्टा म्हणजे काय रे?" म्हणून सांगतो.

जोतिबाच्या वाटेवर एक खाण होती. तिथून मी बैलगाडीतून आलो. पाथरवटांनी मला घडवलं आणि शेजारच्या तालमीतल्या पोरांनी खांद्यावरून आणून इथं बसवलं. त्या पोरांना दूध लागायचं, आणि तेही म्हशीच्या कासेतून थेट भांड्यात पडलेलं, फेसाळ, कोमट दूध. गवळी संध्याकाळी म्हशी घेऊन तिकटीवर यायचे. पण पावसाळ्यात इथं घोटाभर चिखल व्हायचा, धार काढायला बसायला कोरडी जागा नसायची. मग पेठेनं ठरवलं की इथं एक कट्टा हवा. माझ्या अंगात म्हशी बांधायला लोखंडी कड्या बसवल्या. एका बाजूला पाण्याची दगडी डोणी केली. पहिल्या संध्याकाळी कुणीतरी माझ्यावर हळदीकुंकू वाहिलं आणि पहिली धार माझ्या अंगावर सोडली. ती ऊब मला अजून आठवते.

दिवस मावळायला आला की म्हशी येत. लांब, मागं वळलेल्या शिंगांच्या, काळ्याभोर पंढरपुरी म्हशी. गिऱ्हाईक येईल तशी थोडी थोडी धार द्यायची त्यांना सवय होती. लोक तांब्या, चरवी, पेला घेऊन रांगेत उभे राहत. पैलवान तर माझ्यावर बसूनच चरवी तोंडाला लावत आणि मिशीवरचा फेस उपरण्यानं पुसत. इथंच लग्नं जुळत, इथंच भांडणं मिटत. गावातली कुठलीही बातमी आधी माझ्याकडे यायची, मग घरोघरी जायची.

या गर्दीत चिमणाबाई आली.

ती एका गवळ्याची बायको. नवरा तापानं गेला तेव्हा तिचा जोतीराम पाळण्यात होता. घरात दुसरं कर्तं माणूस नव्हतं, दावणीला म्हशी होत्या. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिमणाबाई स्वतः म्हैस घेऊन तिकटीवर उभी राहिली. रांगेतल्या माना तिच्याकडे वळल्या. तोवर बायका गोठ्यात धारा काढत. तिकटीवर बसून कुणी काढली नव्हती.

तालमीतले एक म्हातारे वस्ताद पुढं झाले. "चिमणे, बाईमाणसानं तिकटीवर बसून धार काढायची? लोक काय म्हणतील?"

चिमणाबाईनं म्हशीची दोरी माझ्या कडीत अडकवली. पदर खोचला. म्हणाली, "लोकांस्नी दूध पायजे का न्हाय, तेवढं सांगा की."

वस्तादांनी आपली चरवी पुढं केली. "घे. भर."

त्या दिवसापासून माझी पूर्वेकडची कड चिमणाबाईची झाली. ती बसायची तिथला दगड हळूहळू गुळगुळीत झाला.

तिच्या काळात मी शहर वाढताना पाहिलं. आधी तिकटीवरून टांगे जायचे. मग सायकली आल्या, मग रिक्षा. उद्यमनगरात कारखाने निघाले आणि लेथवर काम करणारे कामगार काळ्या हातांनी दूध प्यायला यायला लागले. कधी सिनेमाच्या स्टुडिओतली माणसं चेहऱ्याचा रंग न पुसताच यायची. त्यांना पाहून म्हशी बुजायच्या आणि रांग हसायची. पेठेतली चार बरी घरं राजारामपुरीत प्लॉट घेऊन राहायला गेली. "लय लांब गेला बघा," असं लोक म्हणायचे. तिथून येऊनही ती माणसं सायकलला किटली अडकवून दूध नेत. नंतर राजारामपुरी गावाच्या मध्यात आली आणि गाव तिच्याही पलीकडे पसरलं. जिथं ऊस होता तिथं कॉलन्या झाल्या.

दिवाळीच्या पाडव्याला तर माझा थाट असायचा. म्हशी धुऊन, शिंगं रंगवून, मोरपिसं आणि कवड्यांचे पट्टे बांधून तिकटीवर आणत. चिमणाबाई नुसती हाक मारायची आणि तिची म्हैस गर्दीतून वाट काढत तिच्यामागे धावत सुटायची. लोक टाळ्या वाजवायचे. मला वाटायचं, हे असंच चालणार.

पिशवीतलं दूध आलं तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. सकाळी दारात पिशवी पडते, एवढंच ऐकलं होतं. पण रांग आखूड होत गेली. आधी सुशिक्षित घरं गेली, मग त्यांच्या शेजारची. तालमीतली पोरंही कमी झाली. कुणीतरी चिमणाबाईला विचारलं, "मावशी, तुमचं दूध चांगलं असून लोक पिशवी का घेतात?"

ती म्हणाली, "पिशवीच्या मागं शेण काढावं लागत न्हाय. लोकांस्नी बरं पडतंय. त्यांची बी काय चूक न्हाय."

ती थकली तसा जोतीराम दोरी धरायला लागला. तो आईसारखा बोलका नव्हता. धार काढताना म्हशीशी मात्र हळू आवाजात बोलायचा. चिमणाबाई शेवटी शेवटी नुसती माझ्यावर येऊन बसायची आणि रस्त्याकडे बघायची. मग एका संध्याकाळी आली नाही. जोतीरामही पुढे दहा-बारा दिवस आला नाही. मला कळायचं ते कळलं.

त्यांचा गोठा इथून हाकेच्या अंतरावर होता. पण जागा दुसऱ्याची. जागेचे मालक पुण्याला राहायचे. चिमणाबाई गेल्यावर त्यांनी ती विकली. जोतीरामनं म्हशी खाली नदीकाठच्या बाजूला, पत्र्याच्या गोठ्यात नेल्या. जुन्या गोठ्याच्या जागी अपार्टमेंट उभं राहिलं. खाली पार्किंग, वर चार मजले. बांधकामाची धूळ वर्षभर माझ्यावर बसत होती.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्या अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर संयोगिता मॅडम राहायला आल्या. राजारामपुरीत एका क्लासमध्ये त्या गणित शिकवायच्या. बाई सरळ स्वभावाच्या. एका संध्याकाळी त्या खाली आल्या आणि जोतीरामला म्हणाल्या, "मामा, रागावू नका. म्हशी इथं उभ्या असल्या की गाडी बाहेर काढता येत नाही. माशा वरपर्यंत येतात. घरात लहान मूल आहे हो."

जोतीरामनं मान वर केली नाही. "धार झाली की जातो मॅडम," एवढंच म्हणाला.

जिथून त्यांचा जिना सुरू होतो, तिथंच चिमणाबाईची गव्हाण होती. हे तो बोलला नाही, आणि मॅडमना तरी कसं कळावं?

मग तो महापूर आला. तुमच्यापैकी काही जण तेव्हा अगदी लहान असतील. पंचगंगा पात्र सोडून वर येत राहिली. सकाळीच जोतीराम आणि त्याचा मुलगा सम्राट गुडघाभर पाण्यातून म्हशी हाकत चढ चढून आले. सम्राट कागलच्या एमआयडीसीत कामाला होता, पण रस्तेच बंद झाल्यामुळे कामाला जायचं कसं? खालचा गोठा पाण्यात गेला होता. काही म्हशी त्यांनी माझ्या कड्यांना बांधल्या, काही विजेच्या खांबाला. जोतीराम अंगावर प्लास्टिकचा कागद घेऊन माझ्यावर बसला. पाऊस त्याच्या पाठीवर वाजत होता.

हायवे बंद. नळाला पाणी नाही, कारण पाणी उपसायची केंद्रंच पाण्यात होती. पिशवीचं दूध गावात येईना. दुपारी अपार्टमेंटचं फाटक उघडलं आणि संयोगिता मॅडम छत्री घेऊन बाहेर आल्या. हातात स्टीलचं पातेलं. माझ्यापाशी येऊन त्या थांबल्या. बोलायला त्यांना जड जात होतं.

"मामा, अवनीला दूध नाही कालपासून. थोडं मिळेल?"

"कितकी हाय पोरगी?"

"तीन वर्षांची."

जोतीरामनं पातेलं घेतलं आणि मोरणीच्या पोटाशी बसला. मोरणी म्हणजे त्याची सगळ्यांत लाडकी म्हैस. ती भिजून थरथरत होती, तरी तिनं पान्हा सोडला. पातेलं भरलं तसा मॅडमच्या मागून आणखी एक दार उघडलं, मग आणखी एक. हातात भांडी घेऊन लोक आले. किती वर्षांनी माझ्यापुढं रांग लागली.

जोतीराम म्हणाला, "ल्हान पोरांची भांडी आधी फुडं घ्या. मोठी मान्सं जरा दम धरा."

कुणीही कुरकुर केली नाही. संध्याकाळी मॅडमनीच अपार्टमेंटच्या लोकांशी बोलून पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढायला लावल्या आणि म्हशी आत घेतल्या. कुणी भाज्यांची देठं दिली, कुणी उंचावरच्या शेतातून उसाचं वाडं आणलं. पार्किंगमध्ये उभा राहून जोतीराम सम्राटला म्हणाला, "हितंच हुता आपला गोठा. तू झाला नव्हतास." मॅडमनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी शेण उचलायला त्या स्वतः घमेलं घेऊन खाली आल्या, तेव्हा जोतीरामलाच लाजल्यासारखं झालं. "ऱ्हाऊ द्या की मॅडम," तो म्हणाला. पण त्यांनी ऐकलं नाही.

पाणी उतरलं. आठवडाभरात माझ्यावर सतरंजी टाकून जोतीरामचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फोटो. एका पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की हा कट्टा म्हणजे आपल्या पेठेचा प्राण आहे. मी उन्हात वाळत होतो आणि ऐकत होतो. मला बरं वाटलं, नाही म्हणत नाही.

पण नदीकाठचा गोठा पुन्हा उभा राहिला नाही. तिथं आता बांधायचं नाही, असं ठरलं होतं, आणि पूर पाहिल्यावर जोतीरामलाही तिथं परत जायचा धीर नव्हता. त्यानं पुलापलीकडच्या एका गावात, उंचावर जागा धरली. रोज संध्याकाळी पुलावरून म्हशी चालवत आणायच्या, आणि धार काढून परत न्यायच्या. मागून गाड्यांचे भोंगे. म्हशी चालून चालून आटायला लागल्या. रांग तर केव्हाच मोडली होती. गावात पिशव्या आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

सम्राट म्हणायचा, "आबा, बास की आता. माझा पगार हाय न्हवं? कशाला ही पायपीट?"

"मोरणीला सवं लागलीया तिकटीची," जोतीराम म्हणायचा. पण सवय कुणाला लागली होती, ते मला आणि सम्राटलाही कळत होतं.

पुढच्याच वर्षी चढाचा रस्ता सिमेंटचा झाला. चांगला झाला, खड्डे गेले, माझ्यावर उडणारा चिखलही थांबला. पण सिमेंटवर खुराला धर नसतो, मित्रांनो. एका संध्याकाळी नुकती भुरभुर पडून गेली होती. जोतीराम म्हशी घेऊन चढावर आला. मागच्या टेम्पोवाल्यानं घाईनं भोंगा वाजवला. मोरणी दचकली, वळली आणि तिचे मागचे पाय दोन बाजूंना फाकले. माझ्यापासून चार हातांवर ती पडली. तिच्या पडण्याचा हादरा मला बसला.

जोतीराम तिचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यातच बसला. तीनही बाजूंनी गाड्या तुंबल्या. काही लोक धावले, त्यांनी उठवायचा प्रयत्न केला. काही जण मोबाइल वर धरून उभे होते. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी कंबरेवरून हात फिरवला आणि मान हलवली.

"उठंल का हो?" जोतीरामनं विचारलं.

"मामा, खुब्यातून गेलंय."

तो मोरणीच्या कानाशी वाकला आणि तसाच हळू आवाजात काहीतरी बोलत राहिला. मला ऐकू आलं नाही. भोंगे फार वाजत होते. शेवटी तिला टेम्पोत चढवून नेलं. ती परत आली नाही, आणि जोतीरामही आला नाही. काही दिवसांनी सम्राट मोटरसायकलवरून आला, माझ्या कडीतली दोरी सोडली आणि बादली घेतली. पानपट्टीवाल्यानं विचारलं तेव्हा म्हणाला, "उरलेल्या म्हशी इकल्या. आबांचं गुडघं बी गेल्यात. आता कोण येत न्हाय."

त्यानंतर माझ्यावर कुणी टेकवलेल्या गाड्या, कुणाच्या पिचकाऱ्या. डोणीत पाण्याऐवजी चहाचे कागदी कप. एके दिवशी माणसं येऊन माझ्यावर लाल खूण करून गेली. रस्ता रुंद व्हायचा होता आणि मी मध्ये येत होतो. खरं सांगू? मला वाईट वाटलं नाही. इतकी वर्षं झाली होती. दगड फुटला तर खडी होते, कुठल्यातरी रस्त्यात जाते, असं मनाशी म्हटलं.

पण संयोगिता मॅडम आडव्या आल्या. त्यांनी घरोघर फिरून लोक गोळा केले, जुने फोटो शोधले, कचेरीत हेलपाटे घातले. मला वाचवलं. रस्ता माझ्या कडेनं जरा वळवला. मग मला घासून धुतलं, पिचकाऱ्या काढल्या, लोखंडी कड्यांना काळा रंग दिला, भोवती साखळी लावली आणि पाटी उभी केली. संध्याकाळी दिवाही लागतो. माझी इतकी निगा आजवर कधी राखली गेली नव्हती.

उद्घाटनाला मॅडमनी जोतीरामला बोलावलं होतं. तो पांढरी टोपी घालून, काठी टेकत आला. तिसरी-चौथीतली अवनी आईच्या शेजारी उभी होती. गर्दी पांगल्यावर मॅडम त्याच्याजवळ आल्या.

"मामा, कट्टा वाचला."

"व्हय. बरं केलासा."

"आता तुम्ही परत या ना. एक म्हैस तरी आणा. या मुलांनी कधी धार पाहिलेली नाही."

जोतीरामनं काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले. त्याला त्यांना दुखवायचं नव्हतं. "मॅडम, म्हस नुसती बघायला आणून कसं चालंल? तिला गोठा लागतो, वैरण लागती. चालायला पायाखाली माती लागती. रोज सांजला धा-वीस तांबं लागत्यात फुडं. ते कुठनं आणू?"

मॅडमचे डोळे खाली गेले. "आमचंच चुकलं मामा. हे सगळं आम्ही तुम्ही होता तेव्हा करायला हवं होतं."

"तुमी लई केलासा. कोण करतंय एवढं?" तो म्हणाला, आणि मग नेहमीच्या सरळ आवाजात बोलून गेला, "कट्टा वाचवायला सोपा असतोय. त्याला रोज सांजला दूध इकायचं नसतंय."

मॅडमनी त्याचा हात धरून त्याला रिक्षात बसवलं. त्या परत आल्या आणि साखळीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. अवनीनं दोनदा हाक मारली, तेव्हा वर गेल्या.

हल्ली जोतीराम महिन्या-दोन महिन्यांनी बसनं येतो. साखळीमुळे माझ्यावर बसता येत नाही, म्हणून बाहेर फूटपाथच्या कडेवर टेकतो. परवा नृसिंहवाडीला निघालेली एक गाडी इथं थांबली. बाहेरगावचे लोक. त्यांनी पाटी वाचली. एक बाई हातात पेला घेऊन उतरली आणि त्यालाच विचारलं, "बाबा, दूध मिळतं ना इथं? ताजं, समोर काढलेलं?"

जोतीराम म्हणाला, "पावणं, बोर्ड हाय. म्हस न्हाय."

बाई गोंधळली. मग तिनं पेला पिशवीत ठेवला, माझा एक फोटो काढला आणि गाडी वाडीच्या वाटेला लागली. जोतीराम बसची वाट बघत बसून राहिला.

मित्रांनो, माझी फार काळजी करू नका. मला ऊन लागत नाही, भूक लागत नाही. साखळी काढली तरी चालेल, पाटी पडली तरी चालेल. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत अजून कुणी गवळी संध्याकाळी म्हैस घेऊन येत असेल, कुणी कुंभार चाक फिरवत असेल, कुणी चांभार दुकान उघडून बसत असेल, तर तो उठून गेल्यावर त्याच्या जागेवर पाटी लावायला धावू नका. तो आहे तोवर त्याच्याकडे जा. आज संध्याकाळीच तांब्या घेऊन जा. तिथं रांग नसेल, तर तुम्ही पहिले उभे राहा. मागून कुणीतरी येईल.